शब्दाचं शेपूट

वेस्टरल्युंग गावात बाळाच्या बाप्तिस्म्याच्या अंगरख्यावर नाव काढायचं असो की पुष्पचक्राच्या फितीवर शेवटचा निरोप, लोक डॅग्नी ब्येरेगोरकडेच यायचे. तिच्या सुईतून अक्षर उतरे ते छापल्यासारखं. पण अक्षरापेक्षाही तिला अभिमान होता तो आपल्या शुद्धलेखनाचा. डॅनिश भाषेत शब्दाला शब्द जोडून मालगाडीसारखा लांबच लांब एक शब्द करतात. जोडलेला असला की आघात एकच, पहिल्या डब्यावर. मागचे डबे नुसते घरंगळत येतात. मध्ये कुणी फट सोडली की आघात दोन होतात आणि अर्थाची वाट लागते. अशी फट दिसली की डॅग्नीला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

एकदा मिशनघरात मदतनिधीसाठी वस्तूंची विक्री होती, त्या दिवशी गुद्रूनने मटणाच्या टेबलावरच्या पाटीवर लिहिताना अशीच फट सोडली. जोडून 'लामेलोर' म्हणजे कोकराची तंगडी. तोडून 'लामे लोर' म्हणजे लुळ्या मांड्या. डॅग्नीने पाटी उचलली आणि दोन्ही आघात ठासून सगळ्यांसमोर वाचली.

"गुद्रून, अगं या लुळ्या मांड्या कुणाच्या गं? तुझ्या की माझ्या?"

बायका कॉफी सांडेपर्यंत हसल्या. गुद्रूनही हसली. पण तिचे कान लालबुंद झाले होते, आणि डॅग्नीने ते पाहिलं होतं.

तशी डॅग्नी देवाला भिऊन राहणारी बाई. घरात पत्ते नाहीत, नाच नाही, रविवारी सुईला हात लावायचा नाही. नवरा लॉरिट्स 'एबेनेझर' नावाच्या होडीवर होता. शेजारच्या थ्यूराचा मॉन्सही त्याच होडीवर. एका नोव्हेंबरात वादळ आलं आणि ती होडी परतली नाही. किनाऱ्यावरच्या आणखीही होड्या गेल्या. गुद्रूनचा नवरा त्यातल्याच एकीवर. तेव्हापासून चर्चमधला डावीकडचा बाक विधवांचाच झाला. कुणी ठरवलं नव्हतं, आपसूक झाला.

या विधवांनी मिळून वेदीपुढच्या गुडघे टेकायच्या लांब गादीवर नवीन भरतकाम करायला घेतलं. मिशनघरात जमायचं, कॉफी, केक, एखादं भजन, आणि मग लोकर. कुणी लाटा भरल्या, कुणी मासे, कुणी गव्हाच्या ओंब्या. थ्यूराचे हात थरथरत, म्हणून तिने नुसता पाठीमागचा निळा रंग भरला, वीतभर. पुढच्या पट्टीवर शब्द यायचे होते. ते काम आपसूक डॅग्नीकडे आलं, आणि पट्टी तिने घरी नेली.

शब्द ठरला होता 'फिस्करएंकर्नेस', म्हणजे 'मच्छीमारविधवांची', आणि पुढे 'भेट'. पट्टीच्या शेवटी डॅग्नीने स्वतःच्या मनाने एक छोटी होडी काढली. काळं सुकाणू, तपकिरी शीड, हुबेहूब एबेनेझर. ती कुणी सांगितली नव्हती.

गादी वेदीपुढे मांडली त्या रविवारी पाद्री राऊन यांनी पट्टीवरचे शब्द मोठ्याने वाचले. पहिल्या 'फिस्' वर त्यांनी जोर दिला आणि बाकीचा शब्द त्या किनाऱ्यावरचे सगळे लोक गिळतात तसा गिळला. तिथल्या बोलण्यात शब्दाला शेपूट नसतंच म्हटलं तरी चालेल. एकीची की अनेकींची, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. सगळ्यांनी समजून घेतलं. बाकावरच्या बायकांनी डोळे टिपले. गुद्रून वाकून डॅग्नीच्या कानात म्हणालीसुद्धा, "होडी जिवंत झालीय बघ." डॅग्नीने मान खाली घातली, पण मनात उजेड पडला होता.

थ्यूराला मात्र ओरडून बोलल्याशिवाय ऐकू येत नसे. त्यामुळे तिच्यापर्यंत गिळलेलं काही पोचायचं नाही. तिला जे काही कळायचं ते वाचून. प्रार्थना संपल्यावर ती काठी टेकत पुढे गेली, चष्मा पुसला, आणि एकेक अक्षरावर बोट ठेवत गेली. मग मिशनघरात सगळे कॉफीला बसले, तेव्हा बहिरी माणसं बोलतात त्या आवाजात तिने विचारलं,

"डॅग्नी, ही भेट कुठल्या विधवेची गं?"

"म्हणजे?"

"अगं, तू 'एंकर्नेस' नाही, 'एंकेन्स' लिहिलंयस. विधवेची. एकीच कुणाची तरी. कोण ती, तेवढं सांग."

कुणीतरी म्हणालं, "थ्यूरा, तुझा चष्मा बदल." पण गुद्रून उठली, चर्चमध्ये जाऊन आली, आणि दारातच उभी राहिली. थ्यूराने बरोबर वाचलं होतं. मधली r आणि e ही दोन अक्षरं नव्हती, आणि त्यांच्याबरोबर बाकीच्या साऱ्याजणी गेल्या होत्या.

पाद्री राऊन मायेने म्हणाले, "डॅग्नी, मनाला लावून घेऊ नका. बायबलात मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणारीही एकच विधवा होती की."

ते सांत्वन तर फारच झोंबलं. त्या विधवेने आपल्याजवळचं सगळं दिलं होतं. डॅग्नीने बाकीच्यांचं सगळं आपल्या नावावर करून घेतलं होतं. "मी... ऐकू येतं तसं लिहिलं गेलं असेल," एवढंच ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की हे सांगणारी बाई तीच, जी इतरांच्या पाट्या वाचून दाखवत फिरते.

दुसऱ्या दिवशी बटाटे सोलता सोलता तिने स्वतःलाच जाब विचारला. खरंच चूक होती का? पट्टीची लांबी मोजली तेव्हा शेवटी होडीसाठी जागा हवी होती, हे तिला आठवत होतं. शब्द नेमका बसला, होडीही बसली, तेव्हा किती बरं वाटलं होतं, तेही आठवत होतं. अक्षरं जाणूनबुजून गाळली, असं नव्हतं. पण मासे वाकडे भरणाऱ्या बायकांकडे बघून, यातलं खरं काम माझंच, असं मनात आलं होतं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा आलं होतं. तोंडाने ते कधी कबूल केलं नसतं. हाताने केलं. आणि केलं तेही वेदीपुढे, लोकरीत, सगळ्या गावाने त्यावर गुडघे टेकावेत असं.

तिने बटाटे तसेच पाण्यात टाकले आणि सुया, कात्री घेऊन चर्चची वाट धरली.

गादी वेदीपुढच्या कठड्याला पक्की बसवलेली होती, त्यामुळे उसवायचं तर तिच्यापुढे गुडघे टेकूनच बसावं लागलं. ती उसवत होती तेव्हा फुलदाण्यांचं पाणी बदलायला गुद्रून आली.

"अगं, होडी का उसवतेस?"

"दोन अक्षरं घालायचीत. जागा नाही."

"मग शब्द मध्ये तोड आणि अर्धा खालच्या ओळीत घे."

डॅग्नीने वर पाहिलं. "तोडला तर तुझ्या कोकरासारखा लुळा पडेल."

गुद्रूनला हसू आलं. ते तिने दाबलं. मग फुलदाणी खाली ठेवून म्हणाली, "त्या दिवशी मी घरी जाऊन पाटी जाळली, माहितीये? नवरा गेल्यावर पहिल्यांदाच काहीतरी लिहायला घेतलं होतं मी. तोच लिहायचा सगळं."

"तुझे कान लाल झालेले मी पाहिले होते, गुद्रून."

"पाहिलेस?"

"पाहिले. आणि तरी पुन्हा वाचून दाखवलं."

"काल तुझे पण झाले होते लाल," गुद्रून म्हणाली. "मला वाटलं होतं, बघून बरं वाटेल. नाही वाटलं." मग ती फुलदाण्या घेऊन गेली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि डॅग्नीनेही मागितलं नाही. मागायला हवं होतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

होडी गेली, पट्टीवर शब्द पुरता झाला, शेपटासकट. नव्या लोकरीची अक्षरं जराशी गडद दिसत होती, आणि होडी होती तिथे आता 'भेट' शब्दाची शेवटची अक्षरं सुईच्या जुन्या भोकांवर बसली होती. डॅग्नीला वाटलं, आपण आपलं सर्वांत लाडकं काढून दिलं. आता हिशेब चुकता झाला. घरी जाताना पाऊल थोडं हलकं पडलं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजनासाठी विधवा रांगेने गादीवर गुडघे टेकून बसल्या. पाद्री राऊन भाकरी घेऊन येत होते, ऑर्गन थांबला होता. थ्यूराने खाली वाकून अक्षरांवर बोट फिरवलं, शेवटपर्यंत, आणि तिथे ते थांबलं.

"होडी कुठे गेली?" तिचा आवाज छतापर्यंत गेला. "माझा मॉन्स होता की गं तिच्यात!"

डॅग्नीने डोळे मिटून घेतले. एबेनेझरवर लॉरिट्स होता, हे ती जन्मात विसरली नव्हती. मॉन्सही होता, हेही तिला माहीत होतंच. पण होडी काढताना ती माझी होती, आणि उसवतानाही माझीच. त्याग म्हणून जे दिलं, तेही दुसऱ्याचंच दिलं होतं. भाकरी जिभेवर आली तेव्हा तिला ती गिळवेना.

त्याच दिवशी दुपारी ती थ्यूराच्या दारात गेली. रविवार, त्यामुळे सुई आणली नव्हती. नुसता तपकिरी लोकरीचा गुंडा आणला होता. थ्यूरा उंबऱ्यात आली.

"थ्यूरा, माझं चुकलं," डॅग्नी म्हणाली.

"काय?"

"माझं चुकलं! होडी तुझीही होती!"

"मोठ्याने बोल ना जरा!"

डॅग्नीने आजूबाजूला पाहिलं. सगळ्या गल्लीच्या खिडक्या उघड्या होत्या. समोरच्या घरात कॉफीसाठी माणसं जमली होती. गालांना चटका बसल्यासारखं झालं. तिने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली. शब्द तोडून, एकेक अवयव सुटा करून, प्रत्येकाचं शेपूट नीट उच्चारून ओरडली. होडी विधवांची होती. भेट विधवांची होती. आणि मी ती माझी केली.

समोरच्या खिडकीत गुद्रून कप हातात धरून उभी होती.

थ्यूराने लोकरीचा गुंडा हातात घेऊन दाबून पाहिला. "उद्या ये सुई घेऊन," ती म्हणाली. "माझ्या निळ्यावर घालू तिला. तिथे अक्षरं नाहीत. डोलकाठी मात्र मी भरणार."

तिचे हात किती थरथरतात, ते डॅग्नीला माहीत होतं. डोलकाठी वाकडी येणार होती.

"भर," ती म्हणाली. आणि थ्यूराला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने.