कोळसा खाणारी मोटार आणि वसंताचं लग्न

लढाईच्या दिवसांत आमची मोटार कोळसा खात असे. पेट्रोल मिळेना, म्हणून मी तिच्या पाठीला बंबासारखी भट्टी बसवून घेतली होती. भट्टी पेटवायची, हाताने पंखा फिरवायचा, गॅस तयार झाला की मोटार सुरू! (म्हणजे, व्हायला हवी.) कोर्टात वेळेवर जायचं तर सकाळी चुलीआधी हिची भट्टी पेटे.

"घरात आधी सवतीचा स्वयंपाक!" बायको म्हणे.

अशात धाकट्या भावाचं, वसंताचं, लग्न आष्ट्याला ठरलं. वऱ्हाड सांगलीहून बैलगाड्यांतून पहाटेच निघालं. नवरदेव मात्र वकील भावाच्या मोटारीतून येणार, हे मी जाहीर करून टाकलं होतं.

"अरे, मुहूर्त सकाळचा आहे. त्याला माझ्या गाडीत बसू दे," निघताना आत्या म्हणाली.

"आत्या, वाटेत तुम्हाला मागे टाकून जाऊ!"

टाकलंही. पण अर्ध्या वाटेवर एवढासा चढ आला आणि मोटार धापा टाकत थांबली. मी भट्टीत पोतंभर कोळसा ओतला. वसंता मुंडावळ्या टोपीवर सारून पंखा फिरवू लागला. धूर असा उठला, की शेजारच्या उसातून एक शेतकरी कळशी घेऊन धावत आला.

"सरका सायेब! गाडी पेटली!"

"अहो, ती पेटलेलीच असते—"

फस्स! अख्खी कळशी भट्टीत! काळं पाणी उसळलं ते थेट नवरदेवाच्या पांढऱ्या कोटावर.

"वाचली बगा," कपाळ पुसत शेतकरी म्हणाला. "जरा उशीर झाला आसता तर राख झाली आसती!"

एवढ्यात मागून आत्याची गाडी आली. आत्याने पदर तोंडाला लावला, आणि गाडीभर बायकांचे खांदे हलू लागले.

"दादा, लग्न आजच आहे ना?" वसंताने रडवेल्या आवाजात विचारलं.

शेतकरी चपापला. "आरं द्येवा! ह्यो नवरदेव हाय व्हय? थांबा, बैलं जुपतो!"

निघाली वरात! पुढे बैल आणि दोरखंड धरून शेतकरी, मी स्टिअरिंगवर, आणि मागे फळीवर उभा राहून पुन्हा पेटवलेल्या भट्टीचा पंखा फिरवणारा नवरदेव. आष्टा दिसू लागलं, आणि नेमका तेव्हाच कोळसा तापला. मोटारीने बंदुकीसारखा बार काढला! बैल उधळले!

"भोंगा वाजवू नगा!" शेतकरी ओरडला.

मी कशाला वाजवतोय? घाबरून माझा हातच भोंग्यावर आवळला होता! आत्याची गाडी पुन्हा मागे पडली. बैल थांबले ते मांडवाच्या दारात, आणि तिथलं आंब्याचं तोरण खाऊ लागले.

मुहूर्त मात्र साधला. मी भट्टी विझवून आत डोकावलो, तेव्हा अंतरपाट नुकताच दूर झाला होता. नवरी वसंताकडे पाहून इतकी हसली, की तिची माळ भटजींच्याच गळ्यात पडायची! वसंताही हसला. त्या काळ्या तोंडात दात काय शोभले!

मी जेवायला निघालो, तोच नवरीच्या मामांनी मला दारात अडवलं. माझे कोळशाने माखलेले कपडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"ड्रायव्हर, तू मागच्या पडवीत बस. तिथं वाढतील. आणि काय रे, तुझे मालक, ते वकीलसाहेब, कुठं आहेत?"

जिलबीचा वास येत होता.

"बैलगाडीनं येतायत मागून," मी म्हणालो आणि पडवी गाठली.