आईनं केलेली नक्कल

आई गेल्यापासून घरी येणारे लोक माझ्याशी कमी बोलतात. मला ते बरं वाटतं. त्यांची समजूत अशी, की दुःखानं माझा आवाज बसला आहे. खरं म्हणजे मलाच त्यांच्याशी बोलायचं नसतं, आणि बोलायचं असलं तरी ते मला पुरं करू देत नाहीत. मी तोतरा आहे. पेणच्या एका ग्रंथालयात काम करतो, पुष्कळ वाचतो, आणि पंचेचाळिशी उलटली तरी फोनवर स्वतःचं नाव सांगताना अडकतो. पलीकडचा माणूस दोनदा 'हॅलो' म्हणतो आणि फोन ठेवून देतो.

त्याच्यापेक्षा मदत करणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. मी 'सा' म्हटलं की ते साखर, साबण, सायकल असे शब्द पुढे टाकत जातात, कापडवाला ठाण सोडून दाखवतो तसे. त्यातला एखादा बरोबर निघाला की त्यांचा चेहरा खुलतो. माझं वाक्य मात्र गेलेलं असतं.

लहानपणी माझ्यावर ज्यांनी ज्यांनी उपाय केले त्यांतल्या एकालाही मी माफ केलेलं नाही. जिभेला वेखंड आणि मध. शंखात ठेवलेलं पाणी. तोंडात खडे धरून पाढे. एका डॉक्टरनं जिभेखालचा पडदा कापला. जखम भरेपर्यंत पेजेवर राहिलो आणि भरल्यावर पहिल्यासारखाच अडकायला लागलो. शाळेत मास्तर छडी घेऊन समोर उभे राहायचे, कारण गणपतीत आरती म्हणताना मी अडकत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. "आरतीत फाडफाड येतं, मग धडा वाचताना काय होतं रे? नाटकं करतोस?" सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना तोतरा माणूस सहसा अडकत नाही, ही अभ्यासकांना नीट माहीत असलेली गोष्ट आहे. मी ती वाचली तोवर मास्तर वारले होते. त्यांच्या तोंडावर ते सांगता आलं नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

पण आमच्या घरात गुन्हेगार ठरली होती ती आई.

आई रोह्याकडची, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली. लग्न होऊन आमच्या खाडीकाठच्या गावात आली तेव्हा तिनं मिठागर पाहिलेलंही नव्हतं. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ मिठागरावर कामाला होते आणि ते तोतरे होते. मी आईच्या पोटात असताना एका दुपारी ते उन्हातून आले, ओट्यावर बसले आणि पाणी मागू लागले. पहिल्याच अक्षराशी बराच वेळ गेला. आत चुलीपाशी आईनं हळूच तसंच 'प-प-प' केलं आणि तोंडाला पदर लावून हसली. वीस वर्षांचीसुद्धा नसेल. शेजारी माझी आत्या, वडलांची धाकटी बहीण, बसली होती. तीही हसली. पण ती पोटुशी नव्हती.

आमच्याकडे असं मानतात, की पोटुशी बाईनं कुणाच्या व्यंगाची नक्कल केली तर ते व्यंग तिच्या पोराला लागतं. मी चार वर्षांचा झालो, अडकायला लागलो, आणि आत्यानं ती दुपार सगळ्यांना सांगितली. मग लग्नात, बारशात, कुणाच्या आजारपणात, जिथं मी तोंड उघडलं तिथं ती पुन्हा सांगितली गेली. वडलांनी कधी तिला अडवलं नाही. आईनंही नाकारलं नाही. "हसले होते मी. खोटं कशाला बोलू?" एवढंच म्हणायची. माझं वाक्य तिनं आयुष्यात कधी पुरं केलं नाही. मी अडकलो की हातातलं काम बाजूला ठेवून समोर बसून राहायची. तेव्हा मला ती माया वाटायची. आता वाटतं, शिक्षा भोगायला बसावं तशी ती बसत होती.

काही वर्षांपूर्वी तिनं मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि मला पनवेलला एका स्पीच थेरपिस्टकडे जायला लावलं. स्वतःही बरोबर आली. थेरपिस्ट तरुण मुलगी होती. माझं वाक्य संपेपर्यंत ती थांबायची, पण थांबणं हे तिचं काम होतं, म्हणून मी त्याचं फारसं कौतुक केलं नाही. घरात आणखी कुणाला असं आहे का, असं तिनं विचारलं. मी उत्तराची जुळवाजुळव करतोय तोवर आईच बोलली.

"माझ्यामुळे झालं हे. मी नक्कल केली होती."

"कुणाची, मावशी?"

"ह्याच्या आजोबांच्या भावाची. ते असेच बोलायचे."

मुलगी आईकडे वळली. "म्हणजे ह्यांच्या वडलांच्या घरात हे आधीपासून होतं. तुमच्या माहेरी?"

"नाही. कुणालाच नाही."

"मग तुम्ही कुठून आणणार?"

तिनं समजावून सांगितलं. हे बहुतेक दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं. पुष्कळदा घराण्यात चालत येतं. मेंदूतले जे भाग बोलण्याची वेळ सांभाळतात त्यांचा मेळ अशा माणसात थोडा वेगळा असतो. काही जनुकांचा त्यात हात दिसला आहे, पण सगळा उलगडा अजून कुणाला झालेला नाही. नक्कल केल्यानं, घाबरल्यानं, लाडानं हे होत नाही. लहान मुलांपैकी बऱ्याच जणांचं जातं, काहींचं राहतं, म्हणून वाट बघत न बसता लवकर दाखवावं. माझ्या वयात ते पुसून टाकणारं औषध नाही. अडकल्यावरची झटापट मात्र कमी करता येते.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे माझ्या नणंदेला सांगाल?"

मुलगी हसली. आई हसली नाही.

परतीच्या एसटीत वडखळचा नाका आला. मग आई म्हणाली, "तूच सांग तिला. पण मी असताना नको. ती भांडायला बसली की मलाही बसावं लागेल. मी गेल्यावर सांग."

आई मार्गशीर्षात गेली. तेराव्याला आत्या आली, तिचं सासरही रोह्याचंच. बरोबर सून आणि चार वर्षांचा नातू. आतेभाऊ कंपनीत शिफ्टला होता म्हणून आला नाही. पहिल्या पंगतीला आत्या माझ्या समोर बसली. सून वाढत होती. नातू आजीच्या शेजारी बसून आपल्या आईकडे खीर मागायला लागला.

"म-म-म-मला..."

पंगतीतले हात थांबले. सगळ्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"बघितलंत?" आत्या म्हणाली. "दिवाळीपासून चाललंय. हिनं मोबाइल दिला हातात, वर इंग्रजी शाळेत घातला. पोराची जीभ कशी वळल?"

सून खिरीचं भांडं धरून उभी होती. "आई, डॉक्टर म्हणाले मोबाइलनं नाही होत."

"मग कशानं व्हतं गो? कायतरी केलं असशील. तुझ्या ह्या मामेसासूनं पन असंच केलं व्हतं. पोटुशी असताना आमच्या काकाची नक्कल केली नि फळ बघ, समोर बसलंय. तू कुनाला हसलीस ते आठव जरा."

दोघीतिघी हसल्या. आईच्या फोटोला घातलेला हार अजून ताजा होता.

"आत्या," मी म्हणालो. तो शब्द सरळ आला. पुढचा आला नाही. जबडा आवळला, मान मागे गेली, डोळे मिटले. 'र' माझ्या तोंडात घट्ट बसला होता.

"राग आला त्याला," कुणीतरी म्हणालं.

"रडू नको रे, बाबा," आत्या म्हणाली.

"रस्सा पायजेल काय?" वाढणाऱ्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझ्या पानावर आमटी ओतली.

"रक्तातून आलंय," मी म्हणालो. "आपल्या. काकाआजोबा, मी, हा. तिघंही एकाच घरातले. माझी आई बाहेरून आली होती. ही पण बाहेरून आली. रोह्याला हे कुणी नेलं असेल तर तू नेलंस."

एवढं बोलायला मला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. सगळ्यांना तो सहन करावा लागला, हे मला आवडलं.

"मी? मी काय तोतरी हाय?"

"न दिसतासुद्धा पुढं जातं."

"ऐकलंत? आईचं तेरावं हाय, नि हा पुस्तकं वाचून घरी आलेल्या आत्याला शिव्या देतोय!" आत्या अर्ध्या पानावरून उठली. "वयनीचं गोडाचं जेवान पन घशाखाली उतरू दिलं नाय मेल्यानं. चल गो, उचल पोराला."

मी बाहेर गेलो ते तिची समजूत काढायला नव्हे. रिक्षा येईपर्यंत सून फाटकापाशी उभी होती. तिनं आभार मानावेत असं मला वाटलं असेल तर ते लगेच उतरलं.

"सगळ्यांसमोर कशाला बोललात, दादा?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही बोलून मोकळे झालात. मला सासूबाईंबरोबर रोह्याला जायचंय. आणि माझ्या पोराला जन्मभर राहणार असं सांगून टाकलंत."

"नाही. जातं. पुष्कळांचं जातं. लवकर दाखव. प-प-प..."

"पनवेल?"

माझं वाक्य पुरं करणाऱ्यांची मला चीड आहे. पण रिक्षा आली होती आणि आत्या आत बसून हाका मारत होती. मी हो म्हणालो.

त्याला आता तीन महिने होऊन गेले. आतेभावानं एकदा फोन केला, थेरपिस्टचा पत्ता घेतला आणि नीट न बोलताच ठेवला. मुलाला पनवेलला नेतात, असं नंतर कळलं. आत्यानं आमच्याकडे येणं बंद केलं आहे. मला चालतं.

परवा रोह्याहून आईच्या माहेरचे एकजण ग्रंथालयात आले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तेराव्याला तू आत्याच्या नातवाला शाप दिलास म्हणे?"

"क-कोण म्हणतं?"

"तीच सांगते सगळीकडं. पोर आधी थोडंसंच अडखळायचं, तू बोललास आणि बसलंच, असं."

"आणि सून? सुनेचं काय सांगते?"

"सुनेचं कशाला? तुझंच सांगते."

"आईचं?"

त्यांनी जरा आठवून बघितलं. "नाही. तुझ्या आईचं आता काढत नाही ती. सगळं तुझ्यावर आहे."

मी त्यांना सांगितलं, की शाप दिला हे खरं आहे, आणि कुणी विचारलं तर त्यांनीही तसंच सांगावं. हे वाक्य मोठं होतं. मध्ये दोनदा त्यांनी माझ्या वतीनं ते संपवायचा प्रयत्न केला. मी हात वर करून त्यांना गप्प बसवलं.