काठाच्या ओळी

मी पहिल्यापासून तापट. माझ्या वडिलांची बहीण, आमची फुई, माझ्या तोंडाला लागायची नाही; मी भडकले की सरळ उठून शेतात निघून जायची. साठच्या दशकातली गोष्ट. मुंबईला एम.एस्सी. करून मी एका सरांकडे संशोधनाची उमेदवारी करत होते, आणि नेमका टायफॉइड झाला. मग काय, लोणखेड्याजवळच्या आमच्या गावी येऊन खाटेवर पडले.

ताप उतरतो न उतरतो तोच सरांचं पत्र आलं. परदेशात एका यंत्रावर प्रयोग चालू होता. प्रचंड ऊर्जेचे प्रकाशकण प्रोटॉनवर आदळवायचे आणि त्या टकरीतून प्रोटॉनहून जड असे कण किती निघतात ते मोजायचं. आज त्यांच्यातल्या क्वार्कांची नावं शाळेतली मुलं घेतात, तेव्हा आम्ही या कणांना नुसतं 'विचित्र कण' म्हणायचो. सरांनी लिहिलं होतं, 'मोजणी जाहीर होण्याआधी तुमचा आकडा माझ्या टेबलावर हवा. नंतर सांगितलेल्याला भाकीत म्हणत नाहीत. तुम्हाला घ्यायचं की नाही, ते त्यावरून ठरवू.' झालं! माझा सगळा जन्म त्या एका आकड्यावर येऊन बसला.

ओसरीवर चटई टाकून मी लॉगची कोष्टकं उघडली. टकरीतून कण कुठल्या दिशेला किती जातील, याचा एक लांबलचक तक्ता केला. सगळ्यात वरची ओळ अगदी समोरच्या दिशेची, सगळ्यात खालची उलट मागे जाणाऱ्यांची. फुई जाता-येता डोकावायची. "काय करी ऱ्हायनी वं?"

"अंदाज काढते आहे. कणांचा."

"मंग भितडावर लिख."

ही आमच्या घरची रीत. कापसाची वेचणी सुरू व्हायच्या आधी फुई शेतातून एकदा चालून यायची आणि किती गाड्या कापूस होईल तो आकडा कोठीच्या भिंतीवर गेरूने लिहायची. वेचणी संपली की शेजारी खरा आकडा. चुकलेला अंदाज कधीच पुसायचा नाही. आणि अंदाज करताना बांधाकडच्या चार-चार ओळी सोडून द्यायच्या, काठ मोजायचा नाही. हे मी पाळण्यात असल्यापासून बघत आले होते.

आठ दिवसांनी गणिताचं उत्तर निघालं: दर हजार टकरींमागे अकरा. फुईच्या आकड्याखाली मी ऐटीत 'अकरा' लिहिलं आणि बैलगाडीत बसून शहाद्याला पत्र टाकून आले.

चार दिवसांनी वेचणी सुरू झाली. तळोद्याकडच्या बाया आल्या, कापूस भरायला कमरेला ओट्या बांधल्या आणि कामाला लागल्या. पायात जरा बळ आलं म्हणून मीही बांधावर जाऊन बसले. बघते तर काय, काठाची झाडं बोंडांनी नुसती लगडलेली! आतल्या झाडांच्या दुप्पट कापूस असेल.

"फुई, काठावर एवढा कापूस? मग तू मोजत का नाहीस?"

"अवं, काठले मोकळं ऊन, मोकळा वारा. सर्वात जास्ती तठेच येस." बायांकडे बोट करून ती म्हणाली, "तो आपला नही. वेचणारीस्ना शे. म्हनीसन मोजत नही."

मी कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई! मी माझ्या तक्त्यातल्या वरच्या चार आणि खालच्या चार ओळी सोडून दिल्या होत्या. काठ म्हणून! इतक्या सहज सोडल्या होत्या की हातून काही सुटलं हेसुद्धा कळलं नव्हतं. काठावर काही पिकत नसेल असंच मी आजवर धरून चालले होते.

धावतच घरी आले. खालच्या चार ओळींत फारसं काही निघालं नाही, पण समोरच्या दिशेच्या चार ओळींत कणच कण. बेरीज अकरावरून एकोणीसवर गेली. मला रडू कोसळलं. ओला फडका घेऊन मी भिंतीपाशी गेले, तर फुईने मनगट धरलं.

"पुसानं नही."

"अगं, चुकलंय ते! सरांकडे पोचलंसुद्धा असेल. ते मला दारात उभं करणार नाहीत आता!"

मी ओरडले, आणि त्या दिवशी ती शेतात निघून गेली नाही. तिने ओसरीवरच्या तक्त्याकडे बोट केलं आणि शांतपणे विचारलं, "तठला काठ कोना शे?"

"कोणाचाच नाही."

"मंग मोजी ले. अन् खाले दुसरा आकडा लिख."

लिहिला. दुसरं पत्रही लिहिलं, त्यात आमच्या शेताची रीत, माझी चूक, सगळं खरं खरं सांगून टाकलं. आणि लगेच पेटीत टाकून आले.

तीन आठवडे माझा जीव टांगणीला. दुपारी पोस्टमन दिसला की मी धावत अंगणात जायचे. शेवटी पत्र आलं. ते मी कोठीपाशी उभी राहून फुईला मोठ्यांदा वाचून दाखवलं: 'मोजणी आली. अठरा. तुमचं दुसरं पत्र तिच्या पाच दिवस आधी पोचलं होतं. पहिलंही जपून ठेवलं आहे. प्रकृती बरी झाली की या.'

मी रडत होते की हसत होते, मलाच ठाऊक नाही. फुईने गेरूची वाटी आणली, 'अकरा' आणि 'एकोणीस'च्या शेजारी 'अठरा' लिहिलं आणि बोटं पदराला पुसली. माझ्या आकड्यांखाली भिंत बरीच मोकळी होती. तिकडे बघत ती म्हणाली, "आते पुढला अंदाज कव्हय लिखशी?"