हळदीकुंकवातलं शिया बटर

दुबईत संक्रांतीचं हळदीकुंकू संक्रांतीला होत नसे, शुक्रवारी होई, कारण सुट्टी तेव्हा शुक्रवारची. अल कुसैसच्या आमच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये त्या दिवशी इतक्या बायका मावत, की कशा ते विचारू नका. वाण ठरलेलं: प्लास्टिकचे डबे. माझ्या कपाटात त्यांची एवढी चळत झाली होती की डब्यांत ठेवायला वस्तू उरल्या नव्हत्या. शेवटी मी चिडले आणि त्या वर्षी शिया बटर वाटायचं ठरवलं.

नव्वदच्या दशकात हे नाव आमच्यापैकी कोणी ऐकलं नव्हतं. मला ते माहीत झालं ऑफिसमुळे. मी देरामधल्या एका कार्गो कंपनीत कामाला होते. तिथे घानाची एक बाई वर्षातून दोनदा यायची, दुबईत घेतलेलं कापड आणि भांडी आमच्यातर्फे गावी पाठवायची. उंच, मोठ्या आवाजाची, आणि घासाघीस अशी करायची की आमच्या मॅनेजरला एसीत घाम फुटे. या खेपेला तिने गावच्या बायकांनी केलेलं शिया बटर मोठ्या डब्यात भरून आणलं होतं. रानातली पडलेली फळं वेचायची, बिया उकडून वाळवायच्या, भाजून दळायच्या आणि पाण्यात हाताने घुसळत राहायचं, की लोण्यासारखा गोळा वर येतो. काम सगळं बायकांचं, आणि पैसाही बायकांचाच. नवरा त्यात नाक खुपसत नाही, असं ती सांगे तेव्हा मला तिच्या गावी बदली मागावीशी वाटे.

अडचण एकच होती. घरातलं धान्य संपत आलं की त्या बायकांना व्यापारी देईल त्या भावात माल द्यावा लागे. दुबईत हा डबा खपला, तर पुढच्या वेळी त्या बायका व्यापाऱ्याला दारातूनच परत पाठवणार होत्या. पण देरातल्या दुकानदारांनी वास घेऊन नाकं मुरडली, आणि तिचं विमान शनिवारी होतं.

"शुक्रवारी माझ्या घरी ये," मी म्हटलं. "वाणापुरतं मी घेते. बाकीचं माझ्या मैत्रिणी उचलतील, इन्शाल्ला."

मैत्रिणींनी वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, गोड गोड बोलल्या आणि डब्याकडे पाठ फिरवली.

"स्मेल किती स्मोकी आहे गं!"

"वाटीभराचे वीस दिरहॅम? म्हणजे दोनशे रुपये! त्यात तर ब्रँडेड क्रीम येतं."

मी हसत होते, पण आतून नुसती धुमसत होते. घानाची बाई कोपऱ्यात बसून होती. मग तिने विचारलं, "तुझी सासू आलीय म्हणाली होतीस, ती कुठे आहे?"

सासूबाई व्हिजिट व्हिसावर रत्नागिरीहून आल्या होत्या. सासरे गेल्यापासून हळदीकुंकू असलं की त्या बाहेर येत नसत. मी आग्रह केला होता, तर त्यांनी बेडरूमचं दार लोटून घेतलं. मी हे सगळं इंग्रजीत समजावलं.

"आमच्याकडे विधवाच सगळ्यात जास्त बटर करतात," ती म्हणाली. "नाहीतर खाणार काय?" आणि हातावर एक गोळा घेऊन सरळ बेडरूममध्ये शिरली.

मी मागोमाग गेले, तर ती जमिनीवर बसून सासूबाईंच्या टाचांच्या भेगांना बटर चोळत होती आणि सासूबाई बोटं नाकाशी धरून मालाची परीक्षा करत होत्या. गावी त्या कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, म्हणजे मुठेल, करून विकत असत.

"मुठेल नव्हे, पण त्याची बहीण शोभेल," त्या म्हणाल्या. "धुराचा वास आहे म्हणजे चुलीवरचं आहे. मग खपत का नाही गो?"

"कोणी घेत नाही."

"घेत नाही म्हणजे? घ्यायला लावायचं असतं."

पदर खोचून त्या हॉलमध्ये आल्या आणि थेट डब्यापाशी बसल्या. सासूबाईंनी जवळच्या बाईचा हात धरून ओढला. "क्रीम लावतेस ना? मग हे कोपर असं का?" कोपर खरंच भयंकर होतं. बघता बघता कोपरं, टाचा, तळवे पुढे यायला लागले. घानाची बाई इंग्रजीत भाव सांगे, सासूबाई मराठीत तो पटवून देत. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. कोणीतरी डिस्काउंट मागितला, तर सासूबाई म्हणाल्या, "आधी एवढं घुसळून दाखव."

डब्याचा तळ खरवडून झाल्यावर घानाची बाई "खलास!" म्हणून ओरडली आणि तिने सासूबाईंना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा वाकडा झाला.

एवढ्यात एक मैत्रीण सवयीने कुंकवाचा करंडा घेऊन सासूबाईंपुढे आली आणि थबकली. पुढे व्हावं की मागे, तिला कळेना.

"कुंकू राहू दे गो," सासूबाई म्हणाल्या. "तुझे वीस दिरहॅम यायचेत."

मैत्रीण हसत पर्स शोधायला धावली. सासूबाई हात पुढे करून तशाच बसून राहिल्या, हॉलच्या मधोमध, आणि मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.