डाव्या चाकाचं स्पिंडल

मोसंबीची तोडणी चालू होती आणि आमचा छोटा ट्रॅक्टर नेमका सामाईक वाटेत बसला. पुढचं डावं चाक एकदम बाहेर फाकलं, वाकडं होऊन अडकलं आणि जागचं हलेना. वाटेच्या एका बाजूला माझी बाग, दुसऱ्या बाजूला थोरल्या भावाची. त्याच्या बागेत मालाने भरलेला पिकअप निघायच्या तयारीत होता, आणि बाहेर पडायला तेवढी एकच वाट होती.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

वडील गेल्यावर मी माझा वाटा मागितला, तेव्हापासून भावाने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. नवऱ्याचं घर मी फार पूर्वी सोडलेलं. जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं साफ करायच्या कारखान्यात मशीनवर काम करत होते. भावाला वाटलं, बहीण येईल, सही करील आणि साडीचोळी घेऊन जाईल. मी साडीला हात लावला नाही. निम्मी बाग घेतली आणि तिथेच पत्र्याची खोली टाकून राहिले. जमीन वाटता आली, पण ट्रॅक्टर काही कापता येईना. मोसंबीच्या ओळींतून जाईल असा अरुंद ट्रॅक्टर तो एकच, वडिलांनी जुना घेतलेला. आळीपाळीने वापरायचं ठरलं. त्याच्या पाळीत ट्रॅक्टर राबायचा तेवढा राबायचा, पण ग्रीसगन कुणी हातात धरायचं नाही. चाक डुगडुगतंय असं मी वहिनीकडून कळवलं होतं. उत्तर आलं, "तिला म्हणावं, निम्मा वाटा घेतला ना, मंग निम्मं चाक बी तूच बघ."

त्या दिवशी तो साखळी घेऊन आला. मागे वहिनी. पिकअपवाला हॉर्न वाजवून राहिला होता.

"तिला म्हणावं, बाजूला सर. ओढून टाकतो."

मी ट्रॅक्टरच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. "ओढलंस तर एक्सल वाकंल. मंग तुलाबी न्हाई अन् मलाबी न्हाई."

"तुला काय कळतंय त्यातलं?" इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो वहिनीकडे न बघता बोलला.

"स्पिंडल झिजलंय. बुश फुटून ते आत फसलंय. ते काढल्याबिगर चाक हलत न्हाई."

स्पिंडल म्हणजे एक्सलच्या टोकाला उभी बसवलेली लोखंडी दांडी. खाली तिला चाक, वर स्टिअरिंगचा हात. ती बुश नावाच्या नळीत फिरते. ग्रीस नसलं की दोन्ही एकमेकांना खातात. कारखान्यात मी असल्या झिजलेल्या दांड्यांनी मशीन बंद पडलेली कितीदा बघितली होती.

हॉर्न काही थांबेना. शेवटी भाऊ घण घेऊन आला. मी जॅक लावला, चाक काढलं, वरचा हात सोडवला. आता दांडीच्या डोक्यावर गजाचा तुकडा धरून वरून घण घालायचा होता. एकाने गज धरायचा, दुसऱ्याने मारायचं. घण मला झेपणारा नव्हता. म्हणून गज मी धरला.

"हात सरकला तर माझ्या नावानं ओरडू नको," तो म्हणाला.

"तू नीट मार."

त्याने घण उचलला. माझे दोन्ही हात घणाखाली होते आणि समोर तो माणूस, ज्याने पंचांसमोर म्हटलं होतं की ही आमच्यासाठी मेली. मी घणाकडे बघितलंच नाही. त्याच्या डोळ्यांकडे बघत बसले. त्याने पहिला घाव घातला तसा झणझणाट थेट खांद्यापर्यंत आला. दुसऱ्या घावाला गज तिरका झाला आणि माझ्या अंगठ्याचं सालटं निघालं.

"सोड," तो म्हणाला.

"मार."

मग त्याने जीव खाऊन मारलं. राग माझ्यावर होता, घाव लोखंडावर पडत होते. कधीतरी दांडी खचकन खाली सरकली आणि मातीत पडली. एका बाजूने खाऊन खाऊन पार बारीक झाली होती. भावाने ती पायाने उलटी केली, बघितली आणि घण खांद्यावर टाकला. एक्सल हातगाड्यावर टेकवून आम्ही तिघांनी ट्रॅक्टर माझ्या बाजूला ढकलला. पिकअप गेला. वहिनी माझ्या अंगठ्याला पदराची चिंधी बांधायला लागली, तर त्याने तिला हाक मारून नेलं.

दांडी गोणपाटात गुंडाळून मी वाटूरहून जीपने जालन्याला गेले. लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याने माझ्यामागे कोणी आहे का ते बघितलं. "घरी माणूस न्हाई का कुणी?"

"माप घ्या," मी म्हटलं.

वेल्डिंगने झीज भरून दांडी परत मापात उतरवायची आणि नवीन बुश करायचा, एवढंच काम. पण त्याला घाई होती. दांडीवर बुश घालून बघितला तर ढिला, खडखडत होता. "चालतंय, बाई. जुनी गाडी हाय," तो म्हणाला. मी काउंटरसमोरच बसून राहिले. गिऱ्हाइकं येऊन जाऊन राहिली होती. शेवटी त्याने पुटपुटत दुसरा बुश केला. तो बराबर बसला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीनेच स्पिंडल बसवलं. चाक सरळ उभं राहिलं. बागेतून दोन चकरा मारल्या, स्टिअरिंग एका बोटाने वळत होतं. तेवढ्यात कानावर आलं की भाऊ वाटूरच्या हॉटेलात सांगून राहिला, "तिला काय जमतंय? मी घण घातला म्हणून निघालं." ऐकून अंगठ्यापेक्षा जास्त ठणका लागला.

त्याची पाळी आली तेव्हा चावी मागायला वहिनी आली.

"त्याला म्हणावं, स्वतः येऊन तोंडानं माग. 'दे' एवढं म्हटलं तरी बस."

"तुम्हाला त्यांचा सोभाव ठाऊक न्हाई का?"

"त्यालाबी माझा ठाऊक हाय."

तो आला नाही. त्याने गावातला मोठा ट्रॅक्टर लावला. तो ओळींत शिरेना, फांद्या मोडायला लागल्या. मग एका सकाळी करवतीचा आवाज ऐकून मी बांधावर गेले. ट्रॅक्टरला जागा व्हावी म्हणून तो मधली एक ओळ तोडत होता. वडिलांच्या हातची झाडं, तोडायची राहिलेली हिरवी फळं अंगावर. माझ्याकडे पाठ करून तो एकेक झाड आडवं पाडत राहिला. मला वाटलं होतं, त्याचं नुकसान बघून मला गार वाटेल. तसं काही झालं नाही. त्याच्या अंगावर धावून जावं असं वाटत होतं.

वहिनी पाडलेली फळं गोळा करत बांधापाशी आली. हळू आवाजात म्हणाली, "एक हाक मारा. अजून निम्मी ओळ उभी हाय. थांबतेल ते."

चावी माझ्या कमरेला होती. मी तिथे उभी होते, भाऊ हाकेच्या अंतरावर होता.

"त्यानं मारावी," मी म्हटलं, आणि वळून माझ्या बागेत गेले. दुपारपर्यंत ओळ संपली.