रिकाम्या गाडीचं वजन

कोबॉल ही कंप्युटरची भाषा म्हातारी होऊन मेली, असं कोणी म्हणालं की माझं डोकं भडकतं. माझ्यासमोर तिला घालवलं तेव्हा ती चांगली धडधाकट होती.

मी जानेफळकडच्या भाजीवाल्याचा मुलगा. बाजारात वांग्याच्या पाटीवर घासाघीस करत वाढलो आणि त्याच कमाईवर नागपुरात कोबॉल शिकलो. जिल्ह्यातल्या एका तेलगिरणीला वजनकाट्याचा प्रोग्राम मीच लिहून दिला. शेंगांची बैलगाडी आली की आधी भरलेली तोलायची, माल उतरवून रिकामी तोलायची. दोन्ही आकडे टाकल्याशिवाय पावती निघणारच नाही, असं मी बांधून टाकलं होतं.

हंगामाच्या तोंडावर मालकाने बोलावलं. शेजारी पुण्याहून आलेला एक जण बसला होता, डीबेस ही नवी भाषा शिकलेला.

"हे म्हणतात, रिकाम्या गाडीचं वजन एकदाच घालून ठेवा. मंग नुसता गाडीचा नंबर टाकला की झालं. रांग अर्धी होते."

"शेठ, आता चाकाले चिखल हाये, गाडीत बैलाचा कडबा हाये. चिखल वाळन, कडबा बैलं खातीन, अन् तुमी वजा करान हेच जड वजन. तेवढ्या शेंगा जातीन कोनाच्या?"

"तुमच्या जुन्या भाषेत होत नसन, म्हून बहाणे सांगता."

"भाषेत होते. मीच नाही करत."

पुणेकर हसला. "दोन ओळींच्या कामाला पानभर लिहायचं! आता कोण वापरतं हो कोबॉल?"

"तुले कोनं इचारलं बे?"

मालक नरमला. "बरं, तुमीच बदलून द्या. यंदाचं काम तुमाले." मी रागानेच दुप्पट भाव सांगितला.

"देल्ले," तो म्हणाला.

मी सावध झालो. हा माणूस अर्ध्या चहावरही घासाघीस करायचा. पहिल्याच भावाला हो म्हणाला, तेव्हा कळलं, कडब्याची गोष्ट याला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. मी माझ्या प्रोग्रामची फ्लॉपी उचलली.

"दुसरा पाहा."

"पाह्यलाच हाये," त्याने खुर्चीकडे बोट केलं.

गावभर मालकाने सांगितलं, माझी भाषा संपली. नवी भाषा सोपी असते, लवकर लिहून होते, हे मलाही मान्य आहे. पण तिच्याबरोबर येणारा माणूसही नवा असतो, आणि त्याने अजून एकदाही 'नाही' म्हटलेलं नसतं. मालकांना तीच सोय जास्त आवडते.

नवा प्रोग्राम सुरू झाला तसा मी गिरणीच्या फाटकावर गेलो. धामणगाव बढ्याचे एक काका माल उतरवून थेट बाहेर निघाले होते. मी जू धरलं.

"काका, रिकामी तोलून घ्या. तुमच्याच शेंगा जाऊन राह्यल्या."

"जाऊ दे न बे, किती जातीन? मागच्या साली दिवस गेला अठी."

मागचे गाडीवाले ओरडले, "ए कंप्युटरवाल्या, सरक! वाट काऊन अडवून राह्यला?"

मी जू सोडलं नाही. खिडकीतून मालक पाहत होता. शेवटी काकांनी शिवी हासडली आणि गाडी वळवून काट्यावर चढवली. काट्यावरच्या कारकुनाने वजन वाचलं, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तोललं भाऊ. पन टाकू कुठी? याच्यात जागाच नाही ठेवली."