वरचं स्वयंपाकघर

हसणार नसाल तर सांगते. हसालच म्हणा, पण निदान तोंडातला चहा गिळून मग हसा.

मल्लेश्वरमला आमचं दोन मजली घर आहे. खाली आम्ही नवरा-बायको, वर भाडेकरू. केतकी आणि तिचा नवरा, दोघं पुण्याचे, दोघं कम्प्युटरवाले. एका रविवारी केतकी खाली आली.

"काकू, वरचं किचन आमच्या खर्चानं नवीन करून घेतलं तर चालेल? मधली छोटी भिंत काढावी लागेल. सोडून जाताना काही मागणार नाही."

मी ह्यांना आत ओढलं. आमचे हे जात्याच घाबरट. "नको बाई! आज भिंत, उद्या छप्पर, परवा म्हणतील घरच आमचं!"

"अहो, फुकटात नवं स्वयंपाकघर मिळतंय! जाताना काय खांद्यावर टाकून नेणार आहेत?"

"सरी, सरी," हे म्हणाले. भांडण नको असलं की "बरं, बरं" म्हणायलासुद्धा हे कन्नडमध्ये शिरतात.

मग काय, वर ठोकाठोकी सुरू! सुतार "अक्का, स्वल्प जागा!" म्हणत फळ्या नेतोय आणि मी जिन्याखाली उभी राहून मनात मांडे खातेय.

काम झाल्यावर केतकीनं बघायला बोलावलं. काय सांगू! तिनं ड्रॉवरला नुसतं बोट लावलं, तर तो नव्या नवरीसारखा लाजत लाजत, अलगद मिटला. आवाज नाही! माझ्या खालच्या ड्रॉवरला गुडघ्यानं ढकलावं लागतं, आणि तो लागतो तेव्हा समोरच्या घरातलं कुत्रं भुंकतं.

"छान झालंय हो," मी म्हणाले. तोंडात साखर, पण पोटात? पोटात नुसती मोहरी तडतडत होती!

त्यात बेळगावहून वन्सं आल्या. माझी नणंद. "जरा वर बघून येते" म्हणून गेल्या, त्या माझ्या उप्पिटाचा दगड झाल्यावर उतरल्या. आणि म्हणतात कशा, "वहिनी, मालकीण तू, आणि राहतेस मात्र आऊटहाऊसमध्ये!"

आता तुम्हीच सांगा, माणसानं सहन तरी किती करायचं?

दुसऱ्या दिवशी केतकी पुन्हा दारात. "काकू, बाल्कनीत झोपाळा लावू? आमच्याच खर्चानं."

"नाही! स्लॅब कमकुवत आहे."

ती गेल्यावर हे चकित. "कमकुवत? अगं, बांधणारा म्हणाला होता, हत्ती नाचवा!"

"हत्ती खुशाल नाचू दे. केतकी झुलायची नाही!"

पण ते ड्रॉवर काही डोळ्यांसमोरून हलेनात. घर कुणाचं? आमचं. मग चांगलं स्वयंपाकघर कुणाचं? डोक्यात प्रकाश पडला! ह्यांना दटावून तयार केलं आणि आवाजात मध घालून वर गेले.

"केतकी, सासूबाई कायमच्या राहायला येणार म्हणत होतीस ना? गुडघेदुखीत जिना कसा चढतील गं त्या? असं करा, तुम्ही खाली या. आमचं काय, आम्ही जाऊ वर."

मला वाटलं चिडेल, "इतकं सगळं केलं त्याचं काय?" म्हणेल. तिनं तर मला मिठीच मारली! "काकू, किती विचार करता हो आमचा! आम्ही ह्याच काळजीनं दुसरं घर शोधत होतो!"

जिंकले मी, पण हरलेल्याचं तोंड इतकं आनंदी कसं? तिथंच मला कळायला हवं होतं.

वर गेले. पहिल्याच दिवशी कळलं, शेगडी विजेची, ती इंडक्शन का काय म्हणतात तसली. तिला माझं एक भांडं पसंत पडेल तर शपथ! पितळेचं पातेलं ठेवलं, टुंई. ॲल्युमिनियमची कढई ठेवली, टुंई. स्वयंवराला उभ्या राजकन्येसारखी एकेकाला नकार देतेय! शेवटी एक स्टीलचं भांडं तिला आवडलं. त्यात मिरच्यांची फोडणी केली. मधे भिंत नाही, हे समोरच पेपर वाचत बसलेले.

"फोडणी आमटीला देतेस," हे खोकत म्हणाले, "की मला?"

म्हटलं, असू दे. खाली केतकी माझ्या ड्रॉवरशी झगडत असेल, तेवढंच समाधान! पण ती म्हणाली, "खाली मोडतोड काही करणार नाही, काकू. फक्त रंग देऊ?" दे बाई.

आठवड्यानं हे भाजी आणायला म्हणून गेले, ते येईनातच. विरजणाचं निमित्त काढून मी खाली उतरले.

अहो, माझं स्वयंपाकघर मलाच ओळखू येईना! ज्या कडप्प्याच्या ओट्याला मी जन्मभर नावं ठेवली, तो घासून-पुसून आरशासारखा चमकत होता. मागच्या दारातून ऊन ओट्यापर्यंत आलेलं. केतकीच्या सासूबाई खुर्ची टाकून, माझ्याच जुन्या गॅसवर थालीपीठ लावत होत्या. आणि समोर, रिकामी पिशवी मांडीवर घेऊन, तिसरं थालीपीठ खात कोण बसलं होतं? आमचे हे!

जळून कोळसा झाले मी. तेही कुणावर? माझ्याच ओट्यावर! तावातावानं आत पाऊल टाकलं, तोच केतकी हसत म्हणाली,

"या ना, काकू! फक्त चपला तेवढ्या बाहेर काढा हं."

आणि मी, ह्या घराची मालकीण, मुकाट्यानं चपला काढल्या, ह्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "माझ्यासाठी एक लावता का हो?"